ते घोडेस्वार रणगाड्यांवर धावून गेले नव्हते

‘१९३९ मध्ये पोलिश घोडेस्वार तलवारी घेऊन जर्मन रणगाड्यांवर तुटून पडले’ असा मजकूर एका व्हिडिओसह फिरतोय. हा व्हिडिओ ज्या चित्रपटातला आहे, तो मी पाहिलाय. हे दृश्य पोलिश दिग्दर्शक आंद्रेई वायदा यांच्या ‘लोत्ना’मधलं (१९५९) आहे, खऱ्या लढाईचं नाही.

१ सप्टेंबर १९३९ला, जर्मनीने पोलंडवर आक्रमण केलं त्या दिवशी, पोलंडमधल्या क्रोयांती गावाजवळ पोलिश घोडदळाने हल्ला केला तो जर्मन पायदळावर, आणि ते पायदळ पांगलंही. मग जर्मन चिलखती गाड्या आल्या, मशीनगनच्या माऱ्यात घोडदळाचे प्रमुख कर्नल मस्तालेश मारले गेले. पुढे इटालियन पत्रकारांना ती जागा दाखवली गेली, त्यांच्या बातम्यांतून रणगाड्यांवरच्या हल्ल्याची ही कथा पसरली. रणगाड्यांशी लढायला पोलिश घोडदळाकडे ३७ मिमीच्या बोफोर्स तोफा होत्या. त्याच दिवशी पोलंडमधल्याच मोक्रा इथे घोड्यांवरून उतरून लढताना पोलिश घोडदळाच्या दुसऱ्या तुकडीने कित्येक जर्मन रणगाडे निकामी केले.

जीव देऊन लढलेल्यांना वेडे ठरवणारा हा मजकूर कृपया पुढे पाठवू नका.