पैसे भरायला डोंगर चढावा लागतो

गाडी लावण्याचे साडेसात पौंड द्यायला मी तयार होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे बोलणार आहे त्यावरून मी चिक्कू आहे असा समज होण्याचा संभव आहे. कार्ड हातात होतं, सुटी नाणी खिशात होती आणि रविवारी सकाळी चक्क ऊन पडल्यावर इंग्लंडमध्ये माणसाच्या अंगात जो दिलदारपणा शिरतो, तोही शिरलेला होता. घेणाराच घ्यायला तयार नव्हता.

जागेचं नाव सांगत नाही, मालकाचंही नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. उत्तर इंग्लंडमधला एक बऱ्यापैकी प्रसिद्ध डोंगर, पायथ्याशी खडी टाकलेला वाहनतळ आणि तोंडाशीच एक मशीन. कार्डाच्या फटीवर काळी चिकटपट्टी. नाण्यांच्या फटीत आधीच कुणाचं तरी नाणं अर्धं आत, अर्धं बाहेर अडकलेलं आणि त्याच्या आजूबाजूला किल्लीचे ओरखडे. म्हणजे माझ्या आधी इथे झटापट होऊन गेली होती. वर फलक: अ‍ॅपवरून पैसे भरा. गाडी आत आल्यापासून दहा मिनिटांत भरा. न भरल्यास १०० पौंड. कॅमेरे चालू आहेत.

कार्ड घेणारा भाग आजारी, नाणी घेणारा भाग आजारी, कॅमेरा मात्र ठणठणीत.

अ‍ॅपला रेंज लागते आणि दरीत रेंज नव्हती. मी फोन डोक्यावर धरला, गाडीच्या टपावर ठेवला, एकदा तर मशीनलाच टेकवून पाहिला. बायको शांतपणे बुटाच्या नाड्या बांधत होती. “अरे, निदान त्या बोर्डाचा फोटो तरी काढून ठेवूया,” म्हणत तिने तो काढलाही. तेवढ्यात मागून आवाज आला.

“रेंज वर आहे.”

वय पंचाहत्तरच्या पुढे. गुडघ्यापर्यंत ओढलेले लाल लोकरी मोजे, डाव्या मोज्याच्या टाचेला पिवळ्या लोकरीने केलेला रफू. गळ्यात प्लास्टिकच्या पाकिटात नकाशा, तो उघडायची गरज ज्याला कधीच पडलेली नसावी अशा माणसाचा. पाठीवरच्या सॅकमधून फावड्याचा दांडा बाहेर आलेला.

“वर म्हणजे?” मी विचारलं.

म्हातारबुवांनी हातातल्या काठीने डोंगर दाखवला. “तिसरं फाटक. पलीकडे एक मोठा खडक आहे, त्यावर उभं राहायचं. दोन दांड्या येतात. पश्चिमेचा वारा असेल तर तीन.”

“पण पैसे दहा मिनिटांत भरायचे आहेत.”

“तिसरं फाटक पंचवीस मिनिटांवर आहे,” ते म्हणाले. आणि माझ्या पोटाकडे एक नजर टाकून, “चाळीस धरा.”

“मग तुम्ही कसे भरता?”

“मी? मी पार्किंगचे पैसे भरत नाही.” आपल्याकडे कुणी ‘मी कांदा-लसूण खात नाही’ म्हणतं, अगदी त्याच सुरात. नुसती माहिती, पण समोरच्याला आपण काहीतरी अमंगळ करत असल्याची जाणीव व्हावी.

मग चढता चढता खुलासा झाला. चालण्याला पैसे पडता कामा नयेत, हे त्यांचं तत्त्व. मी म्हटलं, हे पैसे चालण्याचे नाहीत, गाडी उभी करण्याचे आहेत. ते म्हणाले, म्हणून तर मी गाडी उभी करत नाही. मग गाडी कुठे आहे? गवतावर. पुढच्या अरुंद गल्लीत, दगडी भिंतीला खेटून, दोन चाकं रस्त्यावर आणि दोन चाकं तत्त्वावर.

“ह्या हक्कासाठी माणसं तुरुंगात गेली आहेत,” ते पहिल्या फाटकाशी थांबून म्हणाले. हे खोटं नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडचे शेकडो कामगार किंडर स्काउटच्या माळावर बेकायदा चढले. तो माळ तेव्हा ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेला होता. रखवालदारांशी झोंबाझोंबी झाली आणि पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९५१ साली पीक डिस्ट्रिक्ट हे पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं आणि किंडर स्काउट त्याच्या आत आला.

“तुमचे वडील होते का त्यांच्यात?” बायकोने भारावून विचारलं.

“जाणार होते,” म्हातारबुवा म्हणाले. “त्या दिवशी सर्दी झाली होती.”

दुसऱ्या फाटकाची बिजागरी निखळलेली होती. ते उचलून उघडावं लागलं. मी सवयीने म्हणालो, साडेसात पौंड घेतात, निदान फाटक तरी नीट ठेवावं. यावर ते इतके खूश झाले, की त्यांनी सॅक खाली ठेवली. “हे फाटक शेतकऱ्याचं. सांभाळायचं त्याने. खर्चाचा किमान चौथा हिस्सा कौन्सिलने द्यायचा, तसा कायदा आहे. पायाखालची वाट कौन्सिलच्या गळ्यात, कारण कायद्याने हा सार्वजनिक रस्ताच आहे. आणि कौन्सिलकडे काय आहे?” इथे ते थांबले. मला वाटलं उत्तर माझ्याकडून हवंय. “शिलकीत काही नाही,” त्यांनीच सांगून टाकलं. “तुमचे साडेसात पौंड यात कुठेच नाहीत.”

“मग वाट दुरुस्त कोण करतं?”

“मी.”

आणि त्यांनी फावडं बाहेर काढलं. वाटेला आडवी, दगडांनी बांधलेली एक छोटी मोरी होती. मी तिच्यावरून नुसता पाय टाकून गेलो असतो. ती गाळाने आणि कुजक्या नेच्याने तुंबली होती. म्हातारबुवांनी दोन फावडी गाळ काढून उताराकडे फेकला आणि साचलेलं तांबूस पाणी गुडगुडत बाजूला निघून गेलं. बुटांनी वाट मरत नाही, पाण्याने मरते, असं त्यांचं म्हणणं. बूट नुसतं गवत मारतात. मग पाऊस त्या उघड्या मातीतून वाट काढतो, ओघळ पडतो, ओघळात चिखल होतो. चिखल टाळायला लोक कडेने चालतात, मग कड चिखल होते, मग लोक तिच्याही कडेने. असं करत करत दोन फुटांची पायवाट बैलगाड्यांची शर्यत भरवण्याइतकी रुंद होते. (बैलगाड्या माझ्या. ते ‘मोटारवे’ म्हणाले होते.)

मोरी साफ होईपर्यंत आम्ही उभेच. बायको कौतुकाने पाहत होती, मी घड्याळ.

पुढे वाटेवर लांबच लांब सपाट फरश्या लागल्या, मधोमध झिजलेल्या. काहींना भोकं. ही गिरण्यांची जमीन, ते म्हणाले. लँकेशायरच्या कापड गिरण्या पाडल्या तेव्हा त्यांच्या फरश्या हेलिकॉप्टरने उचलून माळांवर आणून टाकल्या. पेनाइन वे या १९६५ साली खुल्या झालेल्या लांबलचक पायवाटेवर तर अशा फरश्यांचे पट्टेच्या पट्टे आहेत. नाहीतर तिथल्या काळ्या ओल्या मातीत माणूस मांडीपर्यंत जायचा. भोकं होती ती यंत्रांचे बोल्ट बसवायची. मुंबईच्या गिरण्यांच्या जागी टॉवर आले, इथल्या गिरण्यांची जमीनच डोंगरावर निघून गेली. एरवी मी त्या भोकात बोट घालून बराच वेळ बसलो असतो. पण माझ्यामागे कॅमेरा लागलेला होता.

तिसरं फाटक आलं. खडक आला. दोन दांड्या आल्या. वारा पूर्वेचा होता.

अ‍ॅपने आधी स्वतःला अद्ययावत करून घेतलं. मग पासवर्ड. मग गाडीचा नंबर. मग म्हणालं, वाहनतळाचा पाच आकडी क्रमांक टाका. फलकावर लिहिलेला असतो. मी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. तिने विजयी मुद्रेने फोटो उघडला. फोटो उत्तम होता. फलक होता, मशीन होतं, पाच आकड्यांपैकी पहिले तीन होते. शेवटच्या दोनांच्या जागी एका माणसाचा खांदा होता आणि खाली एक लाल मोजा.

“हो, मी तिथेच उभा असतो नेहमी,” म्हातारबुवा म्हणाले. “लोकांना रेंजचं सांगायला.”

“शेवटचे दोन आकडे काय आहेत?”

“मला कसे माहीत असणार? मी पैसे भरत नाही.”

वरून एक कुटुंब उतरत होतं. मी त्यांना विचारलं. बापाने नुसताच एक दीर्घ श्वास सोडला, पण त्याच्या आठेक वर्षांच्या मुलीने पाचही आकडे पाढे म्हणतात तसे खणखणीत म्हणून दाखवले, दोनदा. बाबा सकाळी तेच ओरडत होते, म्हणाली. मी आकडे टाकले, बँकेचा ओटीपी तिसऱ्या प्रयत्नात आला, पैसे गेले. साडेसात पौंड आणि वर वीस पेन्स ‘सुविधा शुल्क’. मी धापा टाकत एका खडकावर उभा होतो, अंगरखा घामाने पाठीला चिकटला होता आणि मला सुविधा मिळालेली होती.

खरं सांगायचं तर वीस पेन्सांनी मी जितका चिडलो तितका साडेसातने नाही चिडलो. ब्रिटनमध्ये पंधरा राष्ट्रीय उद्यानं आहेत आणि एकातही शिरायला तिकीट नाही. याचं मला नेहमी अप्रूप वाटत आलंय. पण तिथे पोचायचं कसं? रविवारी बस त्या दरीकडे फिरकत नाही. ज्यांचं घरच डोंगराखाली आहे ते दारातून निघतात. बाकीच्यांसाठी तिकीटखिडकी आहेच, फक्त ती फाटकाऐवजी टायरखाली बसवलेली आहे. आणि जे गवतावर गाड्या चढवतात ते फुकट, जोवर ॲम्ब्युलन्स अडत नाही तोवर. वेल्समध्ये स्नोडन डोंगराखाली पेन-अ-पासला अशा गाड्यांचा इतका कहर झाला, की आता हंगामात तिथल्या वाहनतळावर आधीपासून जागा राखून ठेवल्याशिवाय गाडी लावता येत नाही. तेव्हा पैसे घेऊच नका, असं मी म्हणत नाही. उलट घ्या. लेक डिस्ट्रिक्टमध्ये २००१ पासून ‘फिक्स द फेल्स’ नावाचा उपक्रम चालतो (फेल्स म्हणजे तिकडचे डोंगर). तिथे माणसं एकेक धोंडा हाताने उतारात रोवून पायऱ्या करतात, धोंड्याचा बराचसा भाग जमिनीत जाईल अशा बेताने, आणि दिवसभर राबून काही हातच पुढे सरकतात. त्या धोंड्यासाठी माझ्याकडून दहा पौंड घ्या, मी पावतीही मागणार नाही. डोंगराकडच्या काही शेतकऱ्यांनी फाटकाला नुसता पत्र्याचा डबा टांगलेला असतो: शेतात गाडी लावा, इतके टाका. डब्याला कॅमेरा नाही, दहा मिनिटं नाहीत. तिथे मी ठरल्यापेक्षा थोडं जास्तच टाकतो आणि दिवसभर स्वतःवर खूश असतो.

इथे मात्र त्या फलकावर दंडाची सविस्तर माहिती होती. दंड केव्हा, किती, कोण आकारणार, लवकर भरल्यास सूट किती. पायवाटेबद्दल एक ओळ नव्हती. आमच्या पैशांतून फावडं घेतलं, एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. फावडं म्हातारबुवांचं, गुडघेही त्यांचेच. एक संबंध पिढी अशी आपल्या निवृत्तीच्या वेळात मोऱ्या साफ करते आहे. तिचे गुडघे गेले, की ते काम कुठल्या अ‍ॅपवर टाकणार आहेत, कोण जाणे. आणि म्हातारबुवांचंही मला सगळं पटलेलं नाही. आम्ही उतरलो तेव्हा गल्लीत एक ट्रॅक्टर त्यांच्या तत्त्वाशी येऊन अडला होता आणि शेतकरी १९३२ सालाबद्दल काहीही ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हता.

काल पत्र आलं. गाडी आत आल्यानंतर पैसे जवळजवळ पाऊण तासाने भरले गेले, सबब १०० पौंड. चौदा दिवसांत भरल्यास ६०. सोबत माझ्या गाडीचे दोन फोटो, अतिशय सुबक. हरकत घ्यायची तर संकेतस्थळावर. कारण निवडा: गाडी चोरीला गेली होती. चालक हयात नाही. मशीन बंद होतं, छायाचित्र जोडा.

छायाचित्र आहे. ते जास्तीत जास्त मोठं करून पाहिलं. कार्डाच्या फटीवरची चिकटपट्टी आणि अडकलेलं नाणं, दोन्ही म्हातारबुवांच्या सॅकमागे आहेत. बायको म्हणते, “‘इतर’ निवड आणि खरं काय ते लिही.” ‘इतर’मध्ये दोनशे अक्षरं लिहिता येतात. काल रात्री लिहायला बसलो, तर त्यातली दीडशे नुसत्या मोज्यांच्या वर्णनात गेली.