आधी मोजा तरी!

दर वेळी तेच! ताम्हिणी उतरताना ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरतं, म्हणून गाडी गॅरेजला न्यावी, तर मेकॅनिक चाकाच्या फटीतून टॉर्च मारतो आणि म्हणतो, "साहेब, ब्रेकच्या दोन्ही डिस्क गेल्या." म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या, ब्रेक ज्यांना धरतो त्या चकत्या. अरे, मोजल्यास का? किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, मिलिमीटरमध्ये. जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावायला दोन मिनिटं लागतात! दुसरा सांगतो, "लेथवर घासून देतो, नवीसारखी होईल." घासून त्या आकड्याच्या खाली गेली तर? पातळ डिस्क घाटात लवकर तापते, तडकूही शकते, त्याची फिकीर कोणाला?

सगळ्यात संताप येतो तो बसवताना. हबवर, म्हणजे डिस्क जिथे बसते त्या भागावर, गंजाचे पापुद्रे, आणि त्यावरच नवी डिस्क चढवतात. तारेच्या ब्रशने चार हात मारायला काय जातं यांचं? गंजाच्या एका कणानेही डिस्क केसभर तिरकी बसते, आणि काही हजार किलोमीटरनंतर तीच थरथर परत. गेल्या खेपेला मी स्वतः उभा राहून हब घासून घेतला. वर्ष झालं, स्टेअरिंग शांत आहे. पण गिऱ्हाइकानेच का उभं राहायचं? त्या गाडीत माझी पोरं बसतात हो!