उन्हात सुकवलेली पेट्रोलची टाकी ‘रिकामी’ नसते

‘जुन्या आउटबोर्डची (होडीच्या मागे लावायच्या मशीनची) टाकी घरच्या घरी नवी करा’ हा मेसेज किनाऱ्यावरच्या बहुतेक ग्रुपांवर फिरून झालाय. मी दोनदा वाचून सोडून दिला होता. मग देवबागच्या चुलतभावाचा फोन आला. आजोबांच्या मशीनची पत्र्याची टाकी त्याने सोडवून अंगणात ठेवली होती आणि विचारत होता, “टाकी सुकली, आता गॅसचो टॉर्च खंय गावतलो?” त्यामुळे आता लिहिणं भाग आहे.

मेसेज थोडक्यात असा: टाकी रिकामी करून दोन दिवस उन्हात ठेवा. पोचा पडलेली जागा गॅस टॉर्चने लाल होईपर्यंत तापवा आणि वर थंड पाणी ओता, पोचा आपोआप बाहेर येतो. नाही आला तर कॉम्प्रेसरची हवा भरा. आतला गंज ॲसिडने काढा. वरून पुट्टी आणि कुठलाही ऑइल पेंट मारा. झाकणही त्याच रंगात रंगवा.

टॉर्चच्या उपायाने माणूस मरेल. बाकीच्यांनी टाकी जाईल, फार तर हात भाजतील.

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. हवेत ही वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की मिश्रण स्फोटक होतं. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. रिकाम्या टाकीत हवा भरपूर आणि वाफ थोडी, म्हणजे नेमकं नको ते प्रमाण. चार लिटरच्या टाकीत ते साधायला चहाच्या चमच्याच्या दहाव्या भागाइतकं पेट्रोलही पुरतं. तेवढं पेट्रोल जुन्या टाकीत असतंच: जोडाच्या घडीत, गंजाच्या पापुद्र्याखाली, नळाच्या तोंडाशी, आणि टू-स्ट्रोक मशीनसाठी पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलाचा जो चिकट तपकिरी थर तळाला बसतो त्यात. ही वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड, त्यामुळे झाकण उघडं ठेवून दोन दिवस ऊन दाखवलं तरी ती तळाशी पडून राहते. वरून वास घेऊन ‘आता काही नाही’ म्हणणाऱ्याला तळाचं काहीच कळलेलं नसतं. टॉर्चची ज्योत लागली की तो थर तापून नवी वाफ सोडतो, आणि बंदिस्त पत्रा फाटतो तो समोर वाकून बसलेल्या माणसाच्या तोंडावर.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ मधलं कलम ३७, उपकलम ४ वाचा. ज्या टाकीत ज्वालाग्राही पदार्थ आहे किंवा पूर्वी होता, तिच्यावर वेल्डिंग, ब्रेझिंग, डाख लावणं किंवा कापणं असं उष्णतेचं काम करायचं नाही, जोवर तो पदार्थ आणि त्याची वाफ काढून टाकण्याची किंवा निर्धोक करण्याची पुरेशी व्यवस्था केलेली नाही. ‘पूर्वी होता’ हे शब्द कायद्यात मुद्दाम होते. कायदा कारखान्यांसाठी होता हे मान्य, पण अंगणात पेट्रोल वेगळं वागत नाही.

“मग पाणी भरून तापवू” असंही कोणीतरी म्हणेलच. पाणी भरलं तर पत्रा लाल होणारच नाही, कारण उष्णता पाणी ओढून घेईल. आणि पाण्याशिवाय तापवायची म्हटलं, तर ब्रिटिश सीगलसारख्या जुन्या मशीनच्या पितळी टाकीचे जोड डाखाचे, दोनशे अंशांच्या आसपास वितळणारे. पोचा राहील आणि टाकीचे दोन तुकडे हातात येतील.

तापवून थंड करण्यात अर्धं सत्य आहे, तेवढं कबूल करतो. गाडीच्या दरवाजाचा उथळ पोचा डेंटिंगवाले असा काढतात. पण दरवाजात पेट्रोल नसतं.

हवेचंही तसंच. हलक्या दाबाने उथळ पोचा कधी कधी उसळतो. १९५०च्या दशकातल्या जॉन्सन-एविनरूड आउटबोर्डांच्या दोन नळ्यांच्या टाक्या दाबावर चालायच्या, तेही खरं, पण तो दाब अगदी थोडा. गॅरेजचा कॉम्प्रेसर आठ बारपर्यंत जातो. वीस सेंटिमीटर लांब-रुंद बाजूवर एकच बार दाब म्हणजे चारशे किलोचा रेटा. जोड तिथेच उकलतो.

चुलतभावाला मी सांगितलं ते असं. गरम पाणी आणि साबणाची पावडर घालून टाकी पुन्हा पुन्हा खळबळून धू. गुळगुळीत टोकाची वाकवलेली सळई तोंडातून आत घाल, तोंडाच्या काठाखाली लाकडाचा ठोकळा दे आणि पोच्याच्या कडेपासून मध्याकडे हळूहळू रेट. सळई पोचत नसेल तर उरलेला खड्डा पुट्टीने भर, त्यात कमीपणा नाही. जोडच फुटला असेल तर टाक्या वाफेने धुऊन काम करणाऱ्याकडेच ने, आणि तो धुतो की नाही ते उभं राहून बघ.

ॲसिडबद्दल एवढंच: लोखंडावर ॲसिड पडलं की हायड्रोजन सुटतो, तोही पेट घेतो. शिवाय पत्रा आधीच पातळ झालेला असतो. व्हिनेगर पुरतं, फक्त नंतर चांगलं धुऊन लगेच सुकवा.

रंगाचं वाचून तर हसूही आलं नाही. साध्या ऑइल पेंटवर पेट्रोल सांडलं की तो सुरकुततो. पॉलिश पेपर मारण्याआधी टाकी गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर पत्र्यावर उरलेलं मीठ ओल ओढतं आणि रंगाला फोड येतात. मग एपॉक्सी प्रायमर आणि वर हार्डनर मिसळून लावायचा गाडीचा रंग, तोही पावसाळा संपल्यावर आणि मास्क लावून.

आणि झाकण. त्याला हवेचं बारीक भोक असतं. रंगाने ते बुजलं की आत हवा जात नाही, पेट्रोल उतरेनासं होतं आणि मशीन थोडा वेळ चालून बंद पडतं, बहुतेक खाडीच्या तोंडाशीच. रंगवण्याआधी भोकात आगपेटीची काडी खोचा आणि रंग ओला असतानाच काढा.