ल कारेला पळवू नका

'द नाइट मॅनेजर' मालिका पाहून तिचा मूळ लेखक, ब्रिटिश हेरकथाकार जॉन ल कारे वाचायला घेतलेल्या मित्रांची तक्रार ठरलेली असते. "अरे, यात काही घडतच नाही!" घडतं की. फक्त ते बंद खोलीत, जुन्या फायली चाळताना आणि दोन माणसांच्या बोलण्यात घडतं. माझं मत जरा हट्टी आहे, पण मांडतोच: ल कारेच्या पुस्तकांवरचे जे सिनेमे आणि मालिका स्वस्थ बसायला तयार होत्या, त्याच खऱ्या जमल्या. बाकीच्या देखण्या आहेत.

'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' (1974) घ्या. त्यातला मला सगळ्यात आवडणारा प्रसंग दिल्लीच्या तुरुंगात घडतो. साल 1955. स्मायली हा ब्रिटिश हेर, समोर पकडला गेलेला रशियन हेर कार्ला. 'मॉस्कोला परत गेलास तर मरशील, आमच्याकडे ये' म्हणून स्मायली त्याची परोपरीने समजूत घालतो. कार्ला चकार शब्द काढत नाही. बोलता बोलता स्मायलीच स्वतःला उघडा करत जातो, त्याचं बायकोवरचं प्रेम, त्याची धास्ती, सगळं. शेवटी कार्ला निघून जातो तो बायकोने स्मायलीला दिलेला लायटर घेऊन. कोण कुणाची चौकशी करत होतं?

बीबीसीच्या 1979 च्या मालिकेत हा कार्ला पॅट्रिक स्ट्युअर्टने केलाय, एकही वाक्य न बोलता. समोर अ‍ॅलेक गिनेस. भूमिकेच्या तयारीसाठी ल कारेने गिनेसची गाठ मॉरिस ओल्डफिल्ड या एमआय सिक्सच्या (ब्रिटनचं परदेशी हेरगिरीचं खातं) माजी प्रमुखाशी घालून दिली होती. 2011 च्या सिनेमात तर दिग्दर्शक टोमास आल्फ्रेडसन दिल्लीला जातच नाही. स्मायली झालेला गॅरी ओल्डमन रात्री ग्लास हातात घेऊन समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत ती हकिगत सांगतो, बस. फ्लॅशबॅकचा मोह टाळणारा दिग्दर्शक मला फार मोठा वाटतो.

हे कान देऊन ऐकणं ल कारेकडे आलं कुठून? माझ्या मते घरातून. त्याचं खरं नाव डेव्हिड कॉर्नवेल, जन्म 1931 चा. वडील रॉनी हे अट्टल ठकसेन, तुरुंगवारीही झालेली. मूल पाच वर्षांचं असताना आई घर सोडून गेली. अशा घरात वाढणाऱ्या पोराला दारातला माणूस पाहुणा आहे की पैसे मागायला आलेला, हे त्याने तोंड उघडायच्या आत ओळखावं लागतं. पुढे ज्या हेरखात्यात तो नोकरीला लागला, त्याने त्याला नवीन असं काय शिकवलं असणार! ऑक्सफर्डमध्ये असताना तो डाव्या विचारांच्या सहाध्यायांची खबर एमआय फाइव्ह या ब्रिटनच्या देशांतर्गत हेरखात्याला पुरवत होता. हे मला आजही खटकतं. पण मित्राचा विश्वासघात करणाऱ्याच्या मनात काय चालतं, हे त्याच्याइतकं आतून लिहिणारा दुसरा लेखक मला सापडलेला नाही. वडील 1975 मध्ये गेले, आणि 'अ परफेक्ट स्पाय' आलं 1986 मध्ये. बापावर लिहायला एवढा वेळ लागणारच.

हेरखात्याच्या नोकरीत असताना स्वतःच्या नावाने पुस्तक छापायची परवानगी नव्हती, म्हणून टोपणनाव. बर्लिनची भिंत 1961 मध्ये उभी राहिली, 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' आलं 1963 मध्ये, आणि पुढच्या वर्षी त्याने नोकरी सोडली. 1965 चा त्यावरचा कृष्णधवल सिनेमा अवश्य बघा. रिचर्ड बर्टनसारखा रुबाबदार नट त्यात थकलेला, चिडका, पिऊन झिंगलेला दिसतो.

आता 'नाइट मॅनेजर'. (शेवट माहीत नसेल तर हा परिच्छेद सोडा.) कादंबरीत शस्त्रांचा व्यापारी रोपर सुटतो. 2016 च्या मालिकेत त्याला शिक्षा मिळते आणि आपण खूश होऊन झोपी जातो. ह्यू लॉरी झकास, ऑलिव्हिया कोलमन त्याहून झकास, 2023 च्या आपल्या हिंदी आवृत्तीतला अनिल कपूरही मी मिटक्या मारत पाहिला. पण असली माणसं सुटतात, हाच तर पुस्तकाचा राग होता.

माझ्या नियमाला एक अपवाद आहे, तो सांगितला नाही तर लबाडी होईल. 'द कॉन्स्टंट गार्डनर' (2005) मध्ये कॅमेरा क्षणभर स्थिर नसतो, तरी सिनेमा काळजाला भिडतो. औषध कंपन्यांनी केनियातल्या गरिबांवर केलेल्या चाचण्यांची ही गोष्ट. राशेल वाइझला त्यासाठी ऑस्कर मिळालं. चित्रीकरणात पाहिलेली गरिबी विसरता येईना, म्हणून या मंडळींनी तिथल्या लोकांसाठी एक ट्रस्टही काढला.

सुरुवात कुठून करू, असं विचारणाऱ्यांसाठी: 'कोल्ड' आधी वाचा, छोटं आहे. मग 'टिंकर टेलर', आणि पहिली शंभर पानं नावं डोक्यात बसली नाहीत तरी पुस्तक सोडू नका. त्यापुढचं 'द ऑनरेबल स्कूलबॉय' (1977) पडद्यावर आलेलं नाही. बीबीसीने ते ओलांडून थेट 'स्मायलीज पीपल' केलं, कारण आशियातलं चित्रीकरण खिशाला परवडणारं नव्हतं. आता ओटीटीवाल्यांकडे पैसा आहे. कुणी ते मनावर घेतलंच, तर पहिल्याच भागात हाँगकाँगच्या गल्ल्यांतून पाठलाग सुरू करू नका, एवढी कृपा करा.