माओरी बाहेरून आले असतील, करार इथेच झाला

न्यूझीलंडमधल्या भारतीयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर इथल्या मूळ रहिवाशांबद्दल, माओरींबद्दल, एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द बदलतात, गाभा तोच असतो: ‘माओरीही होडीतूनच आले, म्हणजे तेही स्थलांतरितच. 1840 साली त्यांनी राणीला सत्ता देऊन टाकली. तरी आज त्यांना आपल्या करातून पैसे मिळतात, संसदेत राखीव जागा मिळतात, त्यांची भाषा आपल्या मुलांवर लादली जाते. देश एक, लोक एक, नियम एक हवा. आपण भारतीय कष्टाने वर आलो. या भांडणाशी आपला काय संबंध?’

नोव्हेंबर 2024मध्ये वाइतांगी कराराच्या, म्हणजे 1840 साली ब्रिटिश राणी आणि माओरी सरदार यांच्यात झालेल्या कराराच्या, तत्त्वांचा नव्याने अर्थ लावणारं विधेयक संसदेत आलं, तेव्हा या मजकुराला ऊत आला. विधेयकाच्या विरोधातली हीकोई, म्हणजे पदयात्रा, वेलिंग्टनला पोचली तेव्हा पोलिसांच्या अंदाजाने 42,000 माणसं होती. 10 एप्रिल 2025 रोजी विधेयक 112 विरुद्ध 11 मतांनी पडलं. मजकूर मात्र अजून फिरतोच आहे. गेल्या महिन्यात तो माझ्या मावसभावाने मला पाठवला, खाली ‘विचार करण्यासारखं आहे’ असं लिहून. दादा सज्जन माणूस आहे, म्हणून मी खरंच विचार केला. एकेक वाक्य घेऊन त्याला जे उत्तर लिहिलं, ते इथे देते आहे.

‘माओरीही होडीतूनच आले’

हो, आलेच. साधारण 1250 ते 1300च्या सुमारास पॉलिनेशियातून मोठ्या वाका, म्हणजे होड्या, घेऊन, तारे आणि लाटा वाचत ते इथे पोचले. तेव्हा इथे माणूस नव्हता. त्यांनी कुणाला उठवून जागा घेतली नाही. डच दर्यावर्दी टास्मान आला 1642 साली, इंग्रज कुक 1769 साली. मधल्या काही शतकांत इथल्या प्रत्येक डोंगराला, खाडीला, पक्ष्याला नाव मिळालं होतं.

इथे हमखास मोरिओरींचा दाखला येतो: ‘त्यांच्याही आधी मोरिओरी होते, माओरींनी त्यांना संपवलं.’ हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळांतून शिकवलं गेलं, म्हणून अजून डोक्यात आहे. मोरिओरी हे मुख्य बेटांवरूनच काही शतकांपूर्वी पूर्वेकडच्या चॅटम बेटांवर, रेकोहूवर, गेलेले पॉलिनेशियन. 1835 साली उत्तर बेटावरच्या तारानाकीकडच्या दोन माओरी जमातींनी तिथे जाऊन त्यांच्यावर भयंकर अत्याचार केले, माणसं मारली, उरलेल्यांना गुलाम केलं. हे खरं आहे आणि ते झाकायचं कारण नाही. पण त्यावरून ब्रिटिशांनी पुढे उत्तर बेटावरच्या वायकातो प्रदेशात घेतलेल्या जमिनीचा हिशेब कसा फिटतो, ते कुणी सांगत नाही. आणि मोरिओरी संपलेले नाहीत. त्यांच्याशी सरकारने 2020 साली स्वतंत्र समझोता केला.

पण दादा, मुळात कोण आधी आलं यावर ही गोष्ट उभीच नाही. ती उभी आहे एका करारावर.

‘1840 साली सत्ता देऊन टाकली’

सगळा गुंता इथे आहे, म्हणून जरा थांबते.

1840 साली या बेटांवर माओरी होते 70 ते 90 हजार, आणि गोरे जेमतेम 2,000. म्हणजे कुणी कुणाला जिंकलेलं नव्हतं. ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधी कॅप्टन हॉबसन करार घेऊन आला. त्याचा इंग्रजी मसुदा 4 फेब्रुवारीच्या रात्री हेन्री विल्यम्स या मिशनऱ्याने आपल्या मुलाच्या मदतीने माओरीत उतरवला. 5 तारखेला वाइतांगीत दिवसभर वादविवाद झाला आणि 6 तारखेला सह्या झाल्या. पुढच्या काही महिन्यांत कागद गावोगाव फिरला. एकूण 500हून अधिक सरदारांनी सही केली. त्यातले साधारण 40 सोडले तर बाकी सगळ्यांनी माओरी मजकुरावर केली.

इंग्रजी मजकूर म्हणतो की सरदारांनी सार्वभौमत्व राणीला दिलं. माओरी मजकूर म्हणतो की त्यांनी ‘कावानातांगा’ दिली. हा शब्द गव्हर्नर या शब्दावरून घडवलेला आहे, आणि आपल्या भाषेत त्याला अगदी नेमका शब्द आहे: कारभार. दुसऱ्या कलमात त्याच सरदारांना ‘तिनो रांगातिरातांगा’ कायम राहील असं वचन दिलं आहे. म्हणजे आपल्या जमिनी, गावं आणि ‘ताओंगा’, जे जे मोलाचं आहे ते सगळं, यांवरचा पूर्ण अधिकार. पाचच वर्षांपूर्वी, माओरी सरदारांच्या 1835च्या स्वातंत्र्याच्या घोषणेत, सार्वभौम सत्तेसाठी ‘माना’ हा शब्द वापरला होता. तिचा माओरी अनुवादही विल्यम्सचाच. करारात राणीला ‘माना’ दिल्याचं कुठेही लिहिलेलं नाही.

कारभार सोपवणं म्हणजे गादी देणं नव्हे, हे मराठी माणसाला समजावून सांगायला लागू नये. साताऱ्याची गादी आणि पुण्याचा कारभार यांतला फरक आपण शाळेत शिकलो आहोत. इंग्रजांशी केलेला तह पुढे काय होतो, तेही शिकलो आहोत. 1819 साली कंपनीने साताऱ्याशी तह केला आणि 1848 साली सातारा खालसा केला. त्याच 1848 साली इथे दक्षिण बेटाचा अवाढव्य पट्टा नाई ताहू जमातीकडून 2,000 पौंडांना लिहून घेतला गेला. त्यांच्यासाठी पुरेशी जमीन राखू, असं वचन होतं. ते पाळलं नाही.

हे माओरी कार्यकर्त्यांचं मत म्हणून सोडून देता येणार नाही. 1975च्या कायद्याने नेमलेल्या वाइतांगी न्यायाधिकरणाने 2014 साली पुराव्यांचा ढीग तपासून सांगितलं की उत्तरेच्या सरदारांनी फेब्रुवारी 1840मध्ये सार्वभौमत्व सोडलेलं नव्हतं. आज संसदच सार्वभौम आहे हे त्या अहवालाने नाकारलेलं नाही. पण ‘देऊन टाकली’ हे वाक्य टिकत नाही.

‘आपल्या करातून पैसे मिळतात’

ज्याला पैसे मिळणं म्हणतात ती भरपाई आहे. कशाची, ते दादाला सांगणं मला जास्त गरजेचं वाटलं, कारण तो वायकातोतल्या हॅमिल्टनला राहतो.

1850च्या दशकात वायकातोचे माओरी गहू पिकवत होते, त्यांच्या पिठाच्या गिरण्या होत्या, ऑकलंडच्या बाजारात त्यांचं धान्य आणि फळं जात होती. 1858 साली त्यांनी आपला राजा निवडला, जमिनी विकल्या जाऊ नयेत म्हणून. जुलै 1863मध्ये गव्हर्नर ग्रेने तिथे फौज घातली. त्याच वर्षी कायदा करून ‘बंडखोरांची’ जमीन जप्त करायची सोय केली आणि वायकातोची जवळपास 12 लाख एकर जमीन घेतली. बंडात नसलेल्यांचीही गेली. 1864 साली त्या जमिनीवर लष्करी वसाहतवाले आणून बसवले आणि किरिकिरिरोआ या गावाचं हॅमिल्टन झालं.

जिथे लढाई नव्हती तिथे जमिनींचं कोर्ट होतं. 1865च्या कायद्यानंतर सामाईक जमिनीच्या दाखल्यावर जास्तीत जास्त दहा जणांची नावं चढत. सातबाऱ्यावर नाव नसणं म्हणजे काय, हे आपल्यापैकी किती जणांच्या घरात भोगलेलं आहे! शेकडो माणसांच्या जमिनीचे दहा मालक झाले, आणि दहा जणांना कर्जात अडकवणं सोपं होतं.

आणि जिथे लोकांनी हातही उगारला नाही, तिथे पारिहाका घडलं. तारानाकीतल्या या गावाचे पुढारी ते व्हिती आणि तोहू यांनी शस्त्र धरायचं नाही असं ठरवलं होतं. 1879 साली त्यांच्या माणसांनी बळकावलेल्या जमिनीत नांगर घातले. पकडले गेले की दुसरे नांगर घेऊन येत. शेकडो जणांना खटला न चालवता दक्षिण बेटावर तुरुंगात ठेवलं. 5 नोव्हेंबर 1881 रोजी सुमारे 1,600 सशस्त्र माणसं गावावर चालून आली. समोर गाणारी मुलं उभी होती, आणि सैनिकांसाठी भाजलेला पाव होता. गाव मोडलं गेलं. दांडीच्या 49 वर्षं आधीची ही गोष्ट. सरकारने तिथे जाऊन माफी मागितली ती 2017 साली.

आता रक्कम. वायकातोच्या लोकांना 1995 साली 17 कोटी डॉलर मिळाले, नाई ताहूंना 1998 साली तेवढेच. तीस वर्षांतल्या सगळ्या समझोत्यांच्या मूळ रकमांची बेरीज तीन अब्ज डॉलरच्या आत येते. जे गेलं त्याच्या एक-दोन टक्के, असा अंदाज सर्रास मांडला जातो. 2010 साली एक वित्तसंस्था बुडाली तेव्हा तिच्या ठेवीदारांना सरकारने दीड अब्ज डॉलरहून जास्त रक्कम एका झटक्यात दिली. वृद्धांच्या पेन्शनवर वर्षाला 20 अब्जांहून अधिक जातात. यावर कुणी मेसेज फिरवत नाही, आणि फिरवूही नये. पण मग भरपाईवरच का? आज देशातली साधारण 5 टक्के जमीन माओरी मालकीची उरली आहे.

‘राखीव जागा’

चारच वाक्यांत सांगते. 1867 साली मतदानासाठी वैयक्तिक मालमत्ता लागत असे आणि माओरी जमीन सामाईक होती, म्हणून त्यांच्यासाठी चार जागा काढल्या. लोकसंख्येच्या हिशेबाने त्या चौदा-पंधरा तरी व्हायला हव्या होत्या, तरी सव्वाशे वर्षं चारच राहिल्या. आज सात आहेत. माओरी मतदार एका यादीत नाव घालतो, माओरी किंवा सर्वसाधारण, आणि त्याला मत तेवढंच मिळतं जेवढं दादाला मिळतं.

‘त्यांची भाषा लादली जाते’

हे वाक्य मराठी माणसाने लिहावं याचं मला खरंच दुःख होतं.

1867च्या कायद्याने माओरी मुलांच्या शाळा इंग्रजीतून केल्या. पुढच्या पिढ्यांत शाळेच्या आवारात माओरी बोललं म्हणून मुलांनी छड्या खाल्ल्या. त्या मुलांनी मोठं झाल्यावर आपल्या मुलांशी घरात इंग्रजीच बोलायचं ठरवलं, त्यांना तो मार नको म्हणून. 14 सप्टेंबर 1972 रोजी 30,000हून अधिक सह्यांचा अर्ज संसदेला दिला गेला. 1982पासून कोहांगा रेओ, म्हणजे भाषेची घरटी, सुरू झाली: आज्या-आजोबा पाळणाघरात बसून नातवंडांशी फक्त माओरी बोलत. 1987 साली भाषा अधिकृत झाली. इतकं करून 2023च्या जनगणनेत ती बोलू शकणारे देशात 4 टक्क्यांच्या आसपास आहेत.

माझी मुलगी शाळेत पेपेहा शिकली. स्वतःची ओळख सांगताना आधी आपला डोंगर, नदी सांगायची, नाव सगळ्यात शेवटी. बाईंनी तिला सांगितलं, इथला डोंगर ‘माझा’ म्हणू नकोस, तुझ्या माणसांचा सांग. घरी येऊन तिने मला विचारलं, आपला डोंगर कुठला? त्या दिवशी आम्ही नकाशावर अजिंक्यतारा आणि कृष्णा शोधली. आमच्या रविवारच्या मराठी वर्गात हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता.

‘आपला काय संबंध?’

वेलिंग्टनमध्ये खंडाला नावाचं उपनगर आहे. भारतात नोकरी करून आलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने घराला ठेवलेलं ते नाव. तिथे सिमला, दिल्ली, गंगा, साताऱ्याच्या नावाचे रस्ते आहेत. आपल्याकडून उचललेली नावं त्यांच्या टेकड्यांना डकवली गेली, तेव्हा ना आपल्याला कुणी विचारलं ना त्यांना.

‘कष्टाने वर आलो’ हे आपल्या आधीच्या भारतीयांबाबत अगदी खरं आहे. 1899च्या कायद्यात युरोपीय भाषेत अर्ज लिहायची अट होती. 1920च्या कायद्याने प्रवेश मंत्र्याच्या मर्जीवर ठेवला. ऑकलंडजवळच्या पुकेकोहेत 1920च्या दशकात ‘व्हाइट न्यूझीलंड लीग’ निघाली ती भारतीय आणि चिनी भाजीउत्पादकांना हुसकायला. त्याच पुकेकोहेत पुढे कित्येक वर्षं माओरींना काही न्हावी बसू देत नसत, थिएटरात त्यांची बसायची जागा वेगळी असे. भारतीयांनाही तीच वागणूक मिळे. आणि हेही सांगायला हवं की भाजीच्या मळ्यांवर, पडक्या खोपटांत राहून राबणाऱ्या माओरींचे काही मालक भारतीय होते. संबंध तेव्हाही होता.

आपल्यासारख्यांना देशाचा रंग न बघता येता आलं ते 1987च्या इमिग्रेशन कायद्याने. ज्या संसदेने तो केला तिनेच त्याच वर्षी माओरी भाषेचा कायदा केला. इथे परक्याला राहू देण्याचा अधिकार सरकारला मिळाला तो त्या 1840च्या कारभाराच्या कलमातून. म्हणून इथे आपल्यासारख्यांना ‘तांगाता तिरिती’ म्हणतात, कराराने आलेली माणसं. पहिलं कलम पाळा आणि दुसरं विसरा, असं मी तरी म्हणू शकत नाही.

दादाला हे सगळं पटलेलं नाही. राखीव जागांवर आम्ही फोनवर तासभर भांडलो. पण काल त्याचा मेसेज आला: त्याच्या घराखालच्या जमिनीची 1864च्या आधीची नोंद कुठे बघायला मिळेल?