आजीच्या नावावर खपणारे पाच नियम

‘गर्भवतीसाठी आजीचे पाच नियम’ असा एक मेसेज सध्या आपल्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. थोडक्यात असा: दिवस राहण्याआधी कसली गोळी नको, राहिले की दोन जिवांचं जेवा, म्हशीचं धारोष्ण दूध प्या, रक्ताच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं, त्यापेक्षा गूळ-शेंगदाणे खा, आणि नऊ महिने जिना चढू नका. आजीचं नाव पुढं केलं की कुणी उलटून बोलत नाही, पण इथं बोलायलाच हवं.

आधी दूध, कारण हा नियम खास कोल्हापुरी आहे. गंगावेशीत म्हैस समोर पिळतात आणि फेसाळलेला पेला गरम असतानाच हातात येतो. पैलवानानं रिचवला तर त्याची मर्जी. गर्भार बाईनं नाही. म्हैस धडधाकट दिसली, कास धुतलेली असली, तरी कच्च्या दुधात ब्रुसेला किंवा लिस्टेरियाचे जंतू असू शकतात. लिस्टेरियानं आईला नुसती कणकण वाटते, पण गर्भ पडू शकतो, मूल मृत जन्मू शकतं. तेच दूध घरी आणून नीट उकळा. ‘उकळलं की ताकद जाते’ म्हणणाऱ्यांनी ऐकावं: प्रथिनं आणि कॅल्शियम उकळीनं उडून जात नाहीत.

गोळ्यांनी बाळ काळं होत नाही, शौचाला काळं होतं. बहुधा तिथूनच हा समज निघाला असावा. बाळाचा रंग आईबापाकडून येतो, आणि तो कसाही असला तरी बिघडतं काय? बिघडतं ते रक्त कमी पडल्यावर. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 52.2 टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला. आशाताई देतात त्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान 180 दिवस. आपला गूळ कितीही नावाजलेला असो, त्याचा खडा या गोळीच्या पासंगालाही पुरत नाही. शेंगदाणे जरूर खा, पण गोळीसोबत. गोळीवर लगेच चहा नको आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. जेवणात लिंबू पिळलं तर उत्तमच.

‘आधी गोळी नको’ हा तर सगळ्यात महागात पडणारा सल्ला. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात, ती गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत मिटते. पाळी चुकली, घरात सांगावं की थांबावं हे ठरेपर्यंत ते दिवस सरलेले असतात. म्हणून ती नळी नीट मिटावी यासाठी रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड मूल हवं असं ठरलं की लगेच, निदान महिनाभर आधी सुरू करायचं. मधुमेह किंवा फिट्सचा त्रास असेल तर मात्रा डॉक्टरांना विचारून.

दोन जिवांचं म्हणजे दुप्पट नव्हे. पहिल्या तीन महिन्यांत जादा जवळपास काहीच लागत नाही. पुढं रोज साधारण 350 कॅलरी, म्हणजे एक भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ.

राहिला जिना. जागतिक आरोग्य संघटना गर्भवतींना आठवड्याला 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. रंकाळ्यावर गप्पा मारता येतील इतपत वेगानं चाललं तरी तो होतो. वार खाली असेल, रक्तस्राव होत असेल तर गोष्ट वेगळी. पण ते तपासणीतच कळतं, आणि ती दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात फुकट होते.