ब्रश बंद करून मिसरी लावा म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

‘रेडिएशन चालू असताना ब्रश बंद करा, मिसरीने हिरड्या घट्ट करा, तुरटीच्या चुळा भरा, फोडांना मध लावा, हलणारा दात लगेच काढा, तोंड येते म्हणजे विष बाहेर पडते’ असा संदेश सध्या धुळे-जळगावकडच्या नातेवाइकांच्या गटांवर फिरतो आहे. गालाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या माझ्या मामांपर्यंत तो पोहोचला आणि मामींनी ब्रश उचलून ठेवला, म्हणून हे लिहावे लागत आहे.

मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. आपल्याकडे ती मंजनाच्या डबीत असते, त्यामुळे अनेकांना ती तंबाखू वाटतच नाही. ज्या तंबाखूमुळे गालाचा कर्करोग होतो, तीच गालाची त्वचा सोलवटलेली असताना बोटाने चोळायला सांगणे हा निव्वळ अघोरीपणा आहे. ब्रश बंद केला की दातांच्या कडेला अन्न कुजते आणि आधीच फाटलेल्या त्वचेत जंतुसंसर्ग शिरतो. अगदी मऊ ब्रश कोमट पाण्यात भिजवून जेवणानंतर हलक्या हाताने फिरवावा. तोही सोसत नसेल किंवा रक्तातल्या पेशी कमी झाल्या असतील, तर डॉक्टरांना विचारून ओल्या गॉजने तोंड पुसावे. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मे मीठ घालून दिवसातून अनेकदा चुळा भराव्यात. तुरटीने तोंड आणखी कोरडे पडते, एवढे सांगणे पुरे.

विषाची गोष्ट खोटी आहे. किरणांनी तोंडातल्या झपाट्याने वाढणाऱ्या पेशीही मरतात, म्हणून साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येते. ते ‘चांगले लक्षण’ मानून रुग्ण वेदना अंगावर काढतो आणि घास गिळवत नाही म्हणून खंगत जातो.

मधाबद्दल मात्र थोडे मान्य करावे लागते. कर्करोगाच्या रुग्णांच्या साहाय्यक उपचारांवर काम करणाऱ्या ‘मॅस्क’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत डोके-मानेच्या रेडिएशनमध्ये तोंड येऊ नये म्हणून मध सुचवला आहे. पण लाळ आटलेल्या तोंडात साखर दात किडवते आणि मधुमेह असेल तर प्रश्न वेगळाच होतो, त्यामुळे तोही डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

दात काढायचेच असतील तर ते रेडिएशनच्या आधी, जखम भरायला वेळ ठेवून काढतात. नंतर काढल्यास जबड्याचे हाड सडण्याचा धोका असतो आणि तो पुढे अनेक वर्षे राहतो, म्हणून कोणत्याही दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर बसण्याआधी रेडिएशन झाल्याचे सांगावे.